हुकूम न मानणाऱ्या दोन रेषा

दुर्जयसिंह राजाला उतारवयात भूमिती शिकायची हुक्की आली. पहिले शास्त्री म्हणाले, "बिंदूला लांबी-रुंदी नसते." राजा भडकला, "नसलेली वस्तू मला दाखवतोस?" आणि त्याने त्यांचं मुंडकंच उडवलं.

दुसऱ्या दिवशी भार्गवशास्त्र्यांना बोलावणं आलं.  बोटाने त्यांनी धूळपाटीवर दोन रेषा ओढल्या.

"महाराज, या समांतर रेषा. दोघींमधलं अंतर सगळीकडे सारखंच. कितीही वाढवल्या तरी त्या एकमेकींना भेटत नाहीत."

"मी हुकूम दिला तरी?"

शास्त्र्यांना पेच पडला. खोटं बोलावं तर विद्येशी बेइमानी, खरं बोलावं तर मान जाणार.

"तरीही नाही, महाराज," ते कसेबसे पुटपुटले.



"खोटारडा! लांब गेल्या की भेटतीलच त्या," राजा गरजला. "उडवा याचं डोकं!"

त्या राज्यात एक जुनी रीत होती. मरणाची जागा मरणाऱ्यानेच निवडायची, आणि ती राजालाही बदलता येत नसे.

"जागा बोला, शास्त्रीबुवा," जल्लाद तलवार उपसून म्हणाला.

 शास्त्र्यांनी धूळपाटीकडे बोट दाखवलं.

"या दोन रेषा जिथे भेटतील, तिथे."

आपलाच शब्द राजाला गिळता येईना. त्याने जल्लादाला रेषा वाढवत न्यायला फर्मावलं. शास्त्रीबुवा पुढे म्हातारे होऊन आपल्या अंथरुणात गेले. जल्लाद मात्र अजून रेषा ओढतोच आहे म्हणे.