कार्बोरेटरचा कान

रस्त्यावर मोजक्याच मोटारी धावत, तेव्हाची गोष्ट. एका चार सिलिंडरच्या मोटारीतला डिस्ट्रिब्युटर चुकीच्या वेळी ठिणगी टाकायचा. भडका मात्र पेट्रोलमध्ये हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या तोंडातून उडायचा. मग मालक भालचंद्रपंत कान पिळावा तसा कार्बोरेटरचाच स्क्रू पिळायचे.

"मेल्या, ठिणगी तू चुकवतोस, तोंड माझं पोळतं आणि कानही माझाच पिळतात!" कार्बोरेटर कडाडला.

"तुझा कान हाताशी येतो," डिस्ट्रिब्युटर म्हणाला. "माझ्यापर्यंत पोचायला हात काळे करावे लागतात."

एकदा मोटार घाटात बंद पडली. मदतीला बोलावलेल्या अंबादास मिस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर जरासा फिरवून ठिणगीची वेळ जुळवली. इंजिन एका लयीत चालू लागलं.

"सुधारला एकदाचा कार्बोरेटर!" स्टिअरिंगवर बसलेले भालचंद्रपंत म्हणाले.

कार्बोरेटर संतापून ओरडायला गेला. पण आता त्याच्या तोंडातून भडकाच उडेना.