आजोबांचा डाग

चूक सगळी सोल्डरिंग आयर्नची होती, दुसऱ्या कुणाचीच नाही. हत्यारं बोलायची त्या काळी एका प्रयोगशाळेत हा म्हातारा सगळ्यांचा आजोबा होता, आणि त्याने डाग, म्हणजे वितळलेल्या कथलाचा थेंब, दिल्याशिवाय कुठलाही जोड पक्का मानायचा नाही, असा तिथला रिवाज होता.

चिमी म्हणजे एक रेणू, डोळ्यांना न दिसणारी. एके दिवशी तिने सोन्याच्या दोन तारांची टोकं आपल्या गंधकाच्या हातांनी घट्ट धरली आणि मधे झोका घेतला. तिच्यातून वीज पळाली. मीटरचा काटा थुईथुई नाचायला लागला.

"आजोबा, बघा ना! मी एकटीच अख्खी तार झाले!" चिमी खिदळली. "अय्या, गुदगुल्या होतायत!"

"डाग न घेता? उतर खाली!"

"अहो, तुमच्या थेंबात मी बुडेन. आणि सोनंही विरघळेल."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून तापतोय मी!"

"हो, नुसते तापताच आहात!" काटा हसून हसून लोळला.

आजोबांनी रागाने थेंब टाकलाच. चिमी त्याआधीच उडी मारून पलीकडच्या सोन्याच्या टोकांमधे झोके घेत होती. इकडचं सोनं विरघळलं आणि आजोबा गार होताच त्यांच्या टोकासकट थिजलं. त्यांना ओढून काढताना त्यांचं टोक तुटलं. पुन्हा त्यांचा प्लग कुणी लावला नाही.