सोडलेला घाव

एका नगरात एकदा एक व्यापारी राहत होता, आणि तो दुष्ट नव्हता हे मी आधीच सांगून टाकतो. दृष्टांतात व्यापारी आला रे आला की ऐकणारी मंडळी त्याला लबाड ठरवून मोकळी होतात. हा तसा नव्हता. तांब्याची मोठाली भांडी घडवण्याचा त्याचा कारखाना होता. आसपासच्या अन्नछत्रांत आणि लग्नघरांत ज्या काहिली चुलाणावर चढत, त्यांतल्या बहुतेक त्याच्याकडे घडलेल्या असत. कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या तांबटांच्या मोजक्या घरांतले पुरुष काम करत आले होते. बापामागून मुलगा यायचा, मामामागून भाचा.

एके वर्षी व्यापाऱ्याच्या मनाने घेतलं की हे न्याय्य नाही. कौशल्य ही काय कुणाच्या घरची मिरास आहे? त्याने प्रवेशद्वाराच्या शिळेवर अक्षरं कोरून घेतली: 'येथे कुळाचा, गावाचा, स्त्री-पुरुषाचा भेद नाही. ज्याच्या हातात बळ, त्याच्या हाताला काम.' आणि अक्षरं कोरून तो स्वस्थ बसला नाही, एवढं श्रेय त्याला दिलंच पाहिजे. नव्या माणसाला जुन्याइतकीच मजुरी, तसाच घण, राहायला मागच्या चाळीत खोली आणि जेवायला त्याच पंगतीत पान. मुकादम कुरकुरला, तेव्हा व्यापाऱ्याने त्याला सुनावलं, "पटत नसेल तर बाहेर जायलाही हेच दार आहे."

नगराबाहेर एका वृद्ध आचार्यांचा आश्रम होता. त्यांचा एक शिष्य होता, तरुण, उत्साही, चांगल्या गोष्टीवर चटकन विश्वास ठेवणारा. शिळेवरची अक्षरं वाचून तो हरखून गेला, आणि त्याला येसूची आठवण झाली. या कथेत मी दुसऱ्या कुणालाही नाव देणार नाही. हिला देतो, कारण कारखान्यात तिला कधी कुणी नावाने हाक मारली नाही.

येसू आश्रमात कोळसा आणून टाकायची. तिचा बाप डोंगरात लाकडं जाळून कोळसा पाडायचा. धुराने त्याची छाती पार गेली, तेव्हा कुऱ्हाड येसूच्या हातात आली. वैद्याने स्पष्ट सांगितलं होतं की म्हातारा धुरापासून लांब राहिला तर चार वर्षं काढील, नाहीतर अवघड आहे. पण धुरापासून लांब जायचं कुठे? शिष्य तिला म्हणाला, "येसू, तू कारखान्यात जा. घण मारायला असेच दंड लागतात."

"मला घेतील?"

"तसं दारावरच लिहिलंय."

"मला कुठं वाचता येतंय, दादा. तुम्ही म्हणताय तर जाते."

ती गेली, आणि तिला घेतलंही. डोंगरातली खोपटी मोडून ती बापाला घेऊन चाळीतल्या खोलीत राहायला आली. नव्या माणसाचं काम दसऱ्यापर्यंत बघायचं, चांगलं निघालं तर कायम करायचं, नाहीतर खोली सोडायची, असा तिथला रिवाज होता. म्हातारा खोलीच्या उंबऱ्यावर बसून स्वच्छ हवा ओढायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायचा, "लेक माझी आत घण मारतीया."

आता ते काम कसं चालतं तेवढं ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तांब्याची जाड चकती भट्टीत लालभडक तापवतात आणि ऐरणीवर आणून टाकतात. तिच्याभोवती पाच-सहा जण घण घेऊन रिंगण करतात. एकाचा घण उठतो तोवर दुसऱ्याचा पडलेला असतो, तिसऱ्याचा वाटेत असतो. मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही, कारण तांबं निवलं की मुकाट्याने पुन्हा भट्टीत घालावं लागतं. मग या अखंड फेरीत नवा माणूस शिरतो कसा? त्याच्या शेजारचा माणूस आपला एक घाव सोडतो. घण वर धरून ठेवतो आणि हनुवटीने खूण करतो, "ये." तेवढ्या फटीत नव्याचा पहिला घाव पडतो आणि फेरी त्याला सामावून घेते. बापाने मुलासाठी घाव सोडायचा, मामाने भाच्यासाठी. हे कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं. ही एक रीत आहे, हेसुद्धा त्यांना ठाऊक नव्हतं. आपण चालताना हात हलवतो, तसं ते त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं.

येसूचा तिथे ना बाप होता ना मामा. ती रिंगणात उभी राहायची, घण खांद्याच्या वर, डोळे तांब्यावर. फेरी सुरू व्हायची. उजवीकडचा मारायचा, लगेच डावीकडचा मारायचा. मध्ये ती आणि तिचा वर उचललेला घण. एकदोनदा तिने हिंमत करून मारला, तर तिचा घण शेजाऱ्याच्या घणावर आदळून ठिणग्या उडाल्या आणि मुकादम ओरडला, "अगं ए, मारतेस का काय माणसाला!" पुन्हा तिने तो नाद केला नाही.

शिष्य तिला भेटायला गेला तेव्हा अख्खा पावसाळा सरत आला होता. येसूचं तोंड उतरलं होतं. "दादा," ती म्हणाली, "मला हाकलत न्हाईत. वंगाळ बोलत न्हाईत. पर माझा घण कुठं पडतच न्हाई. दिसभर वर धरून खांदे जातात आणि पंगतीत बसले की वाटतं, फुकटचं खातीये."

शिष्याने रिंगणातल्यांना विचारलं. एक जण खरोखरच चकित होऊन म्हणाला, "आम्ही अडवलंय का तिला? उभी आहे की आमच्यात!" शिष्य तसाच व्यापाऱ्याकडे गेला. व्यापारी वैतागला. "घण दिला, जागा दिली, मजुरी दिली. आता तिच्या वतीने घावसुद्धा मीच घालू? मुकादम म्हणतो, तिला जमत नाही. मला वाईट वाटतं, पण दसऱ्याला मी काय सांगू?"

शिष्य धावत आश्रमात आला आणि त्याने सगळं गुरूंच्या कानावर घातलं. आचार्य म्हणाले, "परवा तिथे देवस्थानच्या मोठ्या काहिलीचं काम सुरू व्हायचंय. शेटजींनी मला आशीर्वाद द्यायला बोलावलंय. जाऊ आपण."

त्या दिवशी कारखान्यात सडा-रांगोळी झाली होती, तोरण लागलं होतं. आचार्यांसाठी उंच आसन मांडलं होतं. ते आसनावर बसलेच नाहीत. काठी शिष्याच्या हाती देऊन थेट रिंगणात गेले आणि येसूला म्हणाले, "मुली, तुझा घण दे जरा. आणि तू इकडे सावलीत ये."

सगळे गडबडले. "महाराज, हे काय?" म्हणत व्यापारी पुढे झाला, पण आचार्यांनी लक्ष दिलं नाही. ऐंशीच्या घरातला तो देह, दोन्ही हातांनी घण जेमतेम कमरेपर्यंत उचलला गेला. फेरी सुरू झाली. आणि काय सांगू तुम्हाला! उजवीकडच्याने घण वर धरून ठेवला. डावीकडचा थांबला. मुकादमाने स्वतः हनुवटीने खूण केली, "यावं महाराज." आचार्यांचा घण कसाबसा उठला आणि तांब्याच्या कडेवर वाकडा पडला. कड चेपली. तरी सगळ्यांनी "वा, वा!" म्हटलं, आणि पुढच्या फेरीत पुन्हा त्यांच्यापुरती फट ठेवली. तांबं पार निवलं. कुणीही तक्रार केली नाही.

आचार्यांनी घण खाली ठेवला. धाप लागली होती, म्हणून बोलणं तुटक झालं. "बाबांनो, मला हे काम येत नाही. मी तुमची चकती बिघडवली. तरी माझ्यासाठी तुम्ही थांबलात. थांबा असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. ही मुलगी महिनोन्‌महिने इथे घण उचलून उभी आहे, आणि तिच्यासाठी तुमच्यापैकी एकानेही आपला घाव सोडला नाही. शेटजी, तुमची शिळा खोटी नाही. पण द्वार माणसाला आत आणतं, तेवढंच. कामात त्याला शेजारीच आणतो, आणि त्यासाठी शेजाऱ्याला स्वतःचं काहीतरी सोडावं लागतं. ते तुमच्या आज्ञेने घडणार नाही. ज्याने त्याने आपल्या मनाने करावं लागेल."

मुकादमाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याने पुढे येऊन आचार्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. व्यापारी गहिवरून म्हणाला, "महाराज, आज डोळे उघडले." शिष्याला तर रस्ताभर आनंद आवरेना. "संपलं, गुरुदेव! येसूचं काम झालं!" आचार्य हं म्हणाले आणि चालत राहिले.

चार-आठ दिवसांनी शिष्य मोठ्या हौसेने कारखान्याकडे निघाला. गल्लीच्या तोंडाशीच त्याला घणांचा आवाज आला, आणि दर फेरीत एक क्षण शांतता. तो हरखला. फट ठेवतायत! पण त्या फटीत घाव का ऐकू येत नाही?

तो आत गेला. येसूच्या जागी एक पाट मांडला होता. पाटावर तिचा घण, त्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ. दर फेरीत तिथे आल्यावर सगळे घण क्षणभर वर थांबत आणि मग पुढे जात. मुकादम अभिमानाने म्हणाला, "महाराजांची जागा आहे ती. रोज घाव सोडतो आम्ही, एकदाही चूक नाही!" व्यापाऱ्याने शिळेखाली या प्रसंगाची दुसरी शिळा बसवायला घेतली होती. येसू कोपऱ्यात भट्टीचा भाता ओढत होती, धुरात.

"येसू, जागा रिकामी आहे, जा ना तू!" शिष्य कासावीस होऊन म्हणाला.

"कसं जाऊ, दादा? आधी ती नुसती जागा हुती. आता तिथं पाय ठिवला तर पाप म्हणतील."

शिष्याने आचार्यांना हे सांगितलं, तेव्हा ते संतापले. मी म्हणेन, बरं झालं, संतापले. तसेच उठून गेले, स्वतःच्या हाताने माळ काढली, पाट उचलून बाजूला ठेवला आणि येसूला उभं केलं. "आता सोडा हिच्यासाठी." सगळ्यांनी हात जोडले, "आज्ञा, महाराज." फेरी सुरू झाली. शेजाऱ्याने घण धरून ठेवला, येसूचा घण उठला आणि असा नेमका पडला की ऐरण दणाणली. पुन्हा पडला. पुन्हा पडला. तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. शिष्याने तिला हसताना पहिल्यांदा पाहिलं.

गुरुशिष्य बाहेर पडले आणि गल्लीत थांबून ऐकू लागले. काही फेऱ्या भरगच्च वाजल्या. मग एक फेरी अशी आली की त्यात क्षणभर शांतता होती. मग दुसरीही तशीच आली. आत पाट पुन्हा मांडला गेला होता, हे पाहायला परत जाण्याची गरज नव्हती.

"मी त्यांना तिची जागा दाखवत होतो," आचार्य म्हणाले. "ते फक्त मला बघत होते." मग म्हणाले, "उद्या मी पुन्हा येईन. पण रोज दिवसभर इथे उभा राहायला मला किती आयुष्य उरलंय?" त्यांचा आवाज एवढा खचलेला शिष्याने कधीच ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ते गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. ते असेपर्यंत फेरी भरायची, ते वळले की ती शांतता परत यायची. दसरा आला. व्यापाऱ्याने येसूला भात्यावर ठेवून घ्यायची तयारी दाखवली, मनापासून दाखवली, पण खोली घणवाल्यांसाठी होती आणि भात्याच्या मजुरीत नगरात दुसरी खोली मिळणार नव्हती. तिने बापाला पाठुंगळी घेतलं आणि डोंगराची वाट धरली. शिष्य वेशीपर्यंत गेला. तो रडत होता. "मी तुला इथे आणलं," तो म्हणाला. "माझ्यामुळे झालं."

येसू थांबली. बाप तिच्या पाठीवर खोकत होता. "दादा, एक सांगू? तुमचे गुरुबाबा घण मारायला आले न्हाईत, तवर मला वाटायचं, त्या कामात कुणासाठी थांबताच येत न्हाई. तांबं निवतं, माणसं तरी काय करणार? तवर बरं हुतं." एवढं बोलून तिने बापाला जरा वर सावरलं आणि ती चालू लागली.

शिष्याने आश्रमात येऊन हे शब्द जसेच्या तसे सांगितले. आचार्य मान खाली घालून ऐकत राहिले. थांबता येतं, फक्त तिच्यासाठी कुणी थांबत नाही, हे तिला त्यांनीच दाखवलं होतं, हे आता शिष्यालाही कळलं होतं.

उद्या सकाळी तुमच्या कचेरीत काम सुरू होईल, तेव्हा शेजारी घण उचलून कोण उभं आहे बघा आणि आपला एक घाव सोडा. सोडाल असं मला वाटत नाही, तरी सांगितलं.