बारशाला निघाली चिमीआत्या

एक होती चिचुंद्री. नाव तिचं चिमी.
चिमीच्या भावाला बाळ झालं. आज बाळाचं बारसं.
बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या.
आत्या कोण? चिमी!

चिमी बसली फटफटीवर. निघाली.
फट फट फट फट... फुस्स.
पेट्रोल संपलं.

"संपू दे. रिझर्व्ह आहे की," चिमी म्हणाली.
रिझर्व्ह म्हणजे टाकीत राखून ठेवलेलं घोटभर पेट्रोल. पण तेही संपलेलं! शहाणी कालपासून रिझर्व्हवरच हिंडत होती.

"हरकत नाही," म्हणाली चिमी. निघाली पायी. तुरतुर तुरतुर.

पंपावर होता बोका.
"बोकोबा, पेट्रोल द्या.
पेट्रोल फटफटीला,
फटफटी मला,
मी जाते बारशाला.
आत्याविना बारसं नाही."
बोका म्हणाला, "आधी डबा आण. पेट्रोल काय मिशीत देऊ?"

तुरतुर तुरतुर. चहाच्या टपरीवर होती शेळी.
"शेळीबाई, डबा द्या.
डबा बोकोबाला,
पेट्रोल फटफटीला,
फटफटी मला,
मी जाते बारशाला.
आत्याविना बारसं नाही."
शेळी म्हणाली, "आधी पाला आण. पोटात कावळे ओरडतायत."

तुरतुर तुरतुर. रस्त्याकडेला होता शेवगा.
"शेवगादादा, पाला द्या.
पाला शेळीबाईला,
डबा बोकोबाला,
पेट्रोल फटफटीला,
फटफटी मला,
मी जाते बारशाला.
आत्याविना बारसं नाही."
शेवगा म्हणाला, "आधी पाणी आण. घसा कोरडा पडलाय."

तुरतुर तुरतुर. चौकात होता हापसा.
"हापसेराव, पाणी द्या.
पाणी शेवगादादाला,
पाला शेळीबाईला,
डबा बोकोबाला,
पेट्रोल फटफटीला,
फटफटी मला,
मी जाते बारशाला.
आत्याविना बारसं नाही."
हापसा म्हणाला, "कर्रर्र! सांधे धरलेत. आधी तेल आण."

चिमी हसली. "तेल? एवढंच ना? फटफटीच्या चेनला घालायचं तेल माझ्या पिशवीतच आहे."

मग काय!
हापशाला दिलं तेल. हापशाने दिलं पाणी, खळखळ खळखळ.
शेवग्याला दिलं पाणी. शेवग्याने दिला पाला, सळसळ सळसळ.
शेळीला दिला पाला. शेळीने दिला डबा, ठणठण ठणठण.
बोक्याला दिला डबा. बोक्याने दिलं पेट्रोल, बुडबुड बुडबुड.

चिमीने अर्धं पेट्रोल टाकीत ओतलं. अर्धं डब्यात राखून ठेवलं. झाकण लावलं घट्ट.
"आता नाही फसायची," ती म्हणाली.

फट फट फट फट! पोचली बारशाला.
पाळणा सजला होता. सगळे थांबले होते.
वहिनी म्हणाली, "या वन्सं. तुमच्यावाचून बारसं अडलंय."

चिमी वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "कुर्रर्र... कस्तुरी!"

आणि मग? सगळ्या बायकांनी आत्याच्या पाठीत घातले गुद्दे. धप धप धप धप!
बाळाचं नाव ठेवलं की आत्याला गुद्दे मिळतात. तो तिचा मान.
चिमीने सगळे गुद्दे खाल्ले. एकही सोडला नाही.