झिप्र्याची नववी कुंई

कुत्री-मांजरं घरातल्या गोष्टी एकमेकांना सांगत, त्या काळातली ही गोष्ट. काशीकाकूंकडे झिप्र्या नावाचं पिल्लू आलं. "जेवताना याला काही द्यायचं नाही," काकूंनी घरात बजावलं.

झिप्र्या पानासमोर बसून कुंई करू लागला. काकू सहा वेळा "नाही!" म्हणाल्या. सातव्या कुंईला मात्र पाघळल्या. "आजच्या दिवस हं," म्हणत त्यांनी तुपातली पोळी टाकली. मग हे रोजचंच झालं.

काका कडाडले, "शिस्त लावा, नाहीतर अंगणात बांधतो!"

काकूंनी मन घट्ट केलं. आठ कुंया निभावल्या. नवव्या कुंईला काकांनीच आपली पोळी गुपचूप खाली सरकवली.

"काय रे, लागली का शिस्त?" म्हाताऱ्या मांजरीनं विचारलं.

"लागतेय हळूहळू," मिशांचं तूप चाटत झिप्र्या म्हणाला. "काकू सातात शिकल्या. काकांना नऊ लागल्या."