चुलीचा खेळ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. ऐका बायांनो, बापांनो, आणि मांडीवरच्या लेकरांनो तुम्हीही ऐका.

नदीच्या वळणावर एक गाव होतं. गावात जेवणाची एक रीत होती. आधी पुरुषांची पंगत, मग लेकरं, मग सासवा-नणंदा. दुरडीत उरेल ते सुनेचं. न उरलं, तर तांब्याभर पाणी. हे वाईट आहे असं कुणालाच वाटत नसे. रोजचंच ते, त्याच्याकडे बघणार कोण?

त्या गावात भिवराबाई राहायची. मोठी देवभोळी. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही म्हणून सोडायची नाही. उपाशीपोटी जात्यावर बसून पायलीभर दळायची. मनानेही लोण्यासारखी. फक्त तिचं एक बोलणं ठरलेलं असे, "भुकेली सून चपळ असते बाई!" तिच्या सासूनं तिला हेच ऐकवलं होतं, ते तिच्या जिभेवर बसलं होतं.

तिची सून केसर. केसरचं बाळ चार महिन्यांचं. पण दिवसेंदिवस ते वाळत चाललं, केसरचं दूधच त्याला पुरेना. भिवराबाईच्या जिवाला घोर लागला. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली, दंडाला दोरा बांधला. गुण येईना. शेवटी ती टेकडीवरच्या देवीपुढे पदर पसरून म्हणाली, "आई, लेकराला बाळसं धरू दे. तुझ्या अंगणात माझ्या वाट्याला येईल ती सेवा करीन. एकीलाही नाही म्हणणार नाही."

आठ दिवस गेले, आणि गावात एक नाटकमंडळी आली. देवीच्या देवळाच्या अंगणात त्यांनी मांडव घातला. मंडळीची मुख्य एक पिकल्या केसांची बाई होती.

गावकऱ्यांनी विचारलं, "खेळात राक्षस आहे का? लढाई?"

"नाही बाबा. चूल आहे."

लोक खो खो हसले. "चूल बघायला घर सोडून कशाला यायचं?"

ती म्हणाली, "घरात चुलीकडे पाठ असते तुमची. इथं तोंड करून बसाल."

मग तिनं सांगितलं, "आमच्या खेळात सून होते ती गावातलीच कुणीतरी. कोण येतंय? आईच्या अंगणातली सेवा समजा."

सेवा! दिवा लावायला आलेली भिवराबाई चपापली. नवस बोललेली बाई, नाही कसं म्हणणार? ती उठली. बायकांत खसखस पिकली. "अगं बाई, भिवराकाकूंना या वयात पुन्हा हळद लागली!"

म्हातारी नटी हळूच म्हणाली, "एवढंच लक्षात ठेवा. सून तोंडानं मागून खात नाही. 'जेव' असं कुणी म्हटलं, तरच बसायचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी खेळ उभा राहिला. चूल खरी, पीठही खरं. भिवराबाई सकाळपासून तिथंच राबत होती. तिनं भाकरी थापल्या, भरली वांगी केली. नट जेवायला बसले. "आण गं आणखी एक!" ती वाढत राहिली. नाटकातली लेकरं जेवली. मग सासू झालेली ती म्हातारी पानावर बसली.

भिवराबाई मनात म्हणत होती, उपासाचं मला काय कौतुक! पण उपासाला देव बघत असतो, उद्याचं पारणं ठरलेलं असतं. इथं तर तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. दुरडीतली शेवटची भाकरी उचलून नाटकातली सासू म्हणाली, "भुकेली सून चपळ असते बाई!"

भिवराबाईच्या हातातली पळी गळून पडली.

पुढं काय करायचं ते ती विसरली. रिकाम्या दुरडीकडे बघत उभी राहिली. मनात एकच आलं, माझ्या केसरनं काल काय खाल्लं? परवा? कोणत्या वाराला कोणतं व्रत ते तिला तोंडपाठ होतं. हे मात्र काही केल्या आठवेना.

तेवढ्यात गर्दीतून बाळाला कडेवर घेऊन केसर उठली. "आत्याबाई, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. आधी जेवा बघू!"

"ए, खाली बस गं! नाटक चाललंय," लोक ओरडले.

म्हातारी नटी म्हणाली, "बोलू द्या. आता कुठं सुरू होतंय."

भिवराबाईनं सुनेकडे पाहिलं. "पोरी, तू जेवलीस का?"

केसरनं मान खाली घातली. "उरलं नव्हतं, आत्याबाई."

भिवराबाईनं पुन्हा काटवट ओढली, पीठ मळलं, साऱ्या गावासमोर भाकरी भाजली. पहिला घास तिनं केसरच्या तोंडात घातला, दुसरा केसरनं तिच्या. पुढच्या रांगेतला एक आजोबा पुटपुटला, "आमचीही जेवली नसेल हो." आणि काठी टेकत घराकडे निघाला. त्याच्यामागून आणखी चौघे उठले.

एकदोन घरं कुरकुरली खरी. पण पुढच्या चैत्रापर्यंत त्या गावात पहिली भाकरी सुनेच्या पानात पडू लागली. केसरच्या बाळानं असं बाळसं धरलं की उचलताना आजीची कंबर धरायची!

भिवराबाई नवस फेडायला टेकडीवर गेली. ओटी भरून म्हणाली, "आई, मी तुझी सेवा केली म्हणू, की तू माझी?" देवी आपली नेहमीसारखी हसतच होती.

केसरच्या घरी जशी दुरडी भरली, तशी तुमच्याआमच्या घरी भरो.

बोध: घरात आपल्या पाठीमागे रोज जे घडतं, तेच एखादं चांगलं नाटक डोळ्यांपुढे आणतं, आणि एकदा दिसलं की माणसाला जुनं तसंच चालू ठेवता येत नाही.