पद्मव्वांच्या गाठीतलं केराटिन

“मग रिपोर्टवर सही का करत नाही, सर?”

मृण्मयीचा आवाज चढला होता. मिरजेच्या त्या इस्पितळातल्या पॅथॉलॉजी विभागात मुजावर सरांशी या सुरात कोणी बोलत नसे. पण ती विद्यापीठात पहिली आलेली. आपलं निदान चुकत नाही, याची तिला खात्रीच होती.

सर मायक्रोस्कोपवरून डोळे न काढता म्हणाले, “कॅन्सर कशाचा आहे ते कळेना, म्हणून.”

“कार्सिनोमा! केराटिन बघा ना. सगळ्या पेशी तपकिरी झाल्यात.”

ज्या प्रथिनाची चाचणी लावली, त्याला तपकिरी रंग आला म्हणजे ते पेशीत आहे. केराटिन असतं त्वचेच्या, ग्रंथींच्या, आतड्याच्या अस्तराच्या पेशींत. त्यांच्यातून उठतो तो कार्सिनोमा. हे विद्यार्थी अगदी सुरुवातीलाच शिकतात.

“आणि मेलानोमा असला तर?”

मेलानोमा म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर; त्यात बहुधा एस-१०० नावाचं प्रथिन सापडतं.

“मग एस-१०० दिसायला हवं होतं. इथं कोरं आहे. काळा रंगही कुठं नाही. आणि मेलानोमात केराटिन कशाला येईल?”

“त्याला येऊ नको म्हणून कोणी सांगितलंय?”

“सर, नुसत्या शंकेपायी रिपोर्ट अडवता येत नाही. केमो सुरू करायला डॉक्टर थांबलेत.”

सरांनी तिला मायक्रोस्कोपला डोळे लावायला सांगितलं आणि त्याचा दिवा बंद केला.

“आता काय दिसतंय?”

“...काहीच नाही.”

“बाईंचं नाव काय?”

मृण्मयीला बायोप्सीचा नंबर तेवढा पाठ होता.

“वर वॉर्डात त्यांना बघून ये. मग तू म्हणशील त्यावर सही करतो.”

ती तणतणत जिना चढली. निवृत्तीला टेकलेत, म्हणून जबाबदारी घ्यायला घाबरतात, असं मनात घोळत होतं. काही सापडणार नाही आणि ते सरांना तोंडावर सांगायचं, हे ठरवूनच ती बायकांच्या वॉर्डात शिरली.

पद्मव्वा मगदूम खाटेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. साठीच्या, काटक. उजव्या जांघेत लिंबाएवढी गाठ. तिचाच तुकडा खाली मायक्रोस्कोपवर होता.

मृण्मयीनं काळा डाग शोधत पाठ, मान, हात सगळं पाहिलं. कुठं काही नाही. उजव्या पायाच्या अंगठ्याला तेवढं फडकं गुंडाळलेलं.

“हे सोडा, मावशी.”

“गाठ जांघेत हाय. पायाचं काय करताय?”

“बघू तरी द्या.”

“न्हाई म्हटलं न्हवं! सुनंलाबी दावत न्हाई मी.”

मृण्मयीला राग आला. निघून जाता आलं असतं. बाईंनी पाहू दिलं नाही, असं सांगितलं की सुटली.

...ती खाली फरशीवर बसली.

“नका दाखवू. काय झालं होतं, ते तरी सांगा.”

पद्मव्वा हातातलं टरफल चुरत राहिल्या. मग हळूहळू बोलल्या. नखाखाली काळं पडलं होतं. घरच्यांना वाटलं, ठेच लागली असेल. पुढं ते चिघळलं, तेव्हा एका दवाखान्यात नख काढून टाकलं. तपासायला कुठं पाठवलं नाही. नंतर तिथं जे उगवलं, ते बघून शेजारणीनं तोंड फिरवलं. तेव्हापासून फडकं.

सांगता सांगता त्यांनीच ते सोडलं.

अंगठ्याला नख नव्हतं. त्या जागी ओला, लालसर गोळा होता, आणि त्याच्या कडेनं काळी छटा कातडीत पसरत गेली होती.

मृण्मयीनं तो पाय दोन्ही हातांत धरला. पद्मव्वांनी ओढून घेतला नाही.

“वंगाळ हाय का, बाई?”

“...हो, मावशी.”

ती खाली आली, तेव्हा सरांना काही ठणकावून सांगायचं उरलं नव्हतं. अंगठ्याचा तुकडा तपासायला घेतला. त्यावर आणि गाठीवर सॉक्स-१० ही दुसरी चाचणीही केली. रंगपेशींच्या कॅन्सरमध्ये ती बहुधा तपकिरी होते. इथं दोन्हीकडे झाली. अंगठ्यातही एस-१०० कोरं होतं आणि केराटिन गाठीतल्यासारखंच ठळक.

मेलानोमा. नखाखाली उगवून जांघेपर्यंत पोहोचलेला. क्वचित दिसतो तसा, केराटिन दाखवणारा आणि एस-१०० न दाखवणारा.

ठरलेली केमो रद्द झाली. पद्मव्वा बऱ्या होतीलच, असं कोणी म्हणत नव्हतं. पण आता औषध त्यांच्या आजाराचं मिळणार होतं.

मृण्मयीनं रिपोर्ट नव्यानं लिहायला घेतला. लिहिता लिहिता ती थांबली. चेहऱ्यावर राग अजून होता, फक्त आता तो सरांवर नव्हता.

“केराटिनची ओळ काढूनच टाकते, सर. सगळा घोळ त्यानंच घातला.”

सरांनी मायक्रोस्कोपवरून डोळे उचलले.

“का? ते काय खोटं बोललं होतं?”